मुलिकनवरून पॉलिंगकडे जाताना हायड्रोजन आडवा येतो

विद्युतऋणता म्हणजे अणूची इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद. मुलिकन आणि पॉलिंग या दोन शास्त्रज्ञांची ती मोजायची पद्धत वेगळी, म्हणून आकडेही वेगळे. एम.एस्सी.च्या असाइनमेंटसाठी मुलिकनच्या विद्युतऋणता पॉलिंगच्या स्केलवर आणायच्या होत्या. नोट्समध्ये एका ओळीचं सूत्र होतंच: आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) अधिक इलेक्ट्रॉन अफिनिटी (अणूने इलेक्ट्रॉन घेताना सुटणारी ऊर्जा), भागिले 5.6. दोन्ही इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हव्यात. किलोज्यूलमध्ये असतील तर 540 ने भागा.

फ्लोरीनची बेरीज 20.82, उत्तर 3.72, पॉलिंगचा आकडा 3.98. क्लोरीनचं 2.96 आलं, हवं होतं 3.16. दुसऱ्या पुस्तकात सूत्रच निराळं: बेरजेला 0.187 ने गुणा, 0.17 मिळवा. त्याने फ्लोरीन 4.06, क्लोरीन 3.27. एक कमी दाखवणार, दुसरं जास्त, आणि रुबाब दोघांचाही अचूक असल्याचा!

इथवर चालवून घेतलं असतं. हायड्रोजनने मात्र डोकं उठवलं. 13.60 अधिक 0.75, म्हणजे पहिल्या सूत्राने 2.56, दुसऱ्याने 2.85. पॉलिंगकडे तो 2.20 आहे. (जुन्या तक्त्यांत 2.1 दिसेल, ऑलरेडने 1961 मध्ये आकडे सुधारले, तेव्हा तक्ता कोणता ते आधी बघा.) मग आयोडीन शेजारी मांडला. मुलिकनचा मूळ आकडा म्हणजे त्याच बेरजेचा निम्मा; त्याप्रमाणे हायड्रोजन 7.18, आयोडीन 6.76. पॉलिंग म्हणतो आयोडीन 2.66, म्हणजे हायड्रोजनच्या वर. क्रमच उलटा! सगळ्यांना एकाच आकड्याने गुणून-भागून हा क्रम कसा फिरणार? नोट्समध्ये यावर अवाक्षर नाही.

खरं तर दोघं मोजतात वेगवेगळं. मुलिकनने 1934 मध्ये सुटा अणू घेतला. पॉलिंगने 1932 मध्ये दोन अणूंमधले बंध घेतले होते, म्हणजे ते तोडायला लागणारी ऊर्जा: हायड्रोजन-हायड्रोजन 436, क्लोरीन-क्लोरीन 242, सरासरी 339, प्रत्यक्ष हायड्रोजन-क्लोरीनचा (एचसीएल) बंध 431 किलोज्यूल. जास्तीचे 92 भागिले 96.5 (किलोज्यूलचे इलेक्ट्रॉन-व्होल्ट करायला), त्याचं वर्गमूळ 0.98. आणि 3.16 वजा 2.20 किती? 0.96! हे जुळल्यावर जीव भांड्यात पडला. रूपांतराचं सूत्र म्हणजे या दोन तक्त्यांच्या बिंदूंमधून जमेल तशी ओढलेली रेघ, एवढंच.

हो, क्लोरीनची अफिनिटी काही तक्त्यांत उणे 349 किलोज्यूल छापलेली असते; तिथे उणे म्हणजे ऊर्जा बाहेर पडते. बेरीज करताना ते उणे चिन्ह काढा.

मी तक्त्यात दोन्ही सूत्रांचे रकाने दिले आणि हायड्रोजनची जागा कोरी ठेवली. सरांनी विचारलंच. 7.18 आणि 6.76 दाखवले, तेव्हा पूर्ण गुण मिळाले. पुढच्या बॅचच्या नोट्समध्ये 5.6 जसाच्या तसा आहे.