तुम्ही विचारलंत म्हणून : बोटीवर भांडलात की नाही?

कॅरिबियन बेटांमध्ये आम्ही मित्रमंडळी शिडाच्या बोटीने हिंडलो, हे कळलं की लोक आधी शार्कचं विचारतात, मग वादळाचं. खरा प्रश्न जरा आवाज खाली आणून येतो : "एवढ्याशा बोटीत सगळे एकत्र, भांडणं नाही झाली?"

झाली की. पण भर समुद्रात नाही.

सेंट व्हिन्सेंटपासून दक्षिणेला ग्रेनेडापर्यंत ग्रेनेडीन्स नावाची बेटांची माळ आहे. एका बेटावरून पुढचं बहुतेक वेळा दिसतंच. हिवाळ्यात तिथे पूर्व-ईशान्येचा वारा लागलेला असतो, साधारण 15 ते 20 नॉट, म्हणजे ताशी 28 ते 37 किलोमीटर. आपली वाट उत्तर-दक्षिण, त्यामुळे वारा बाजूने मिळतो आणि बोट सुसाट जाते. बेटाच्या आडोशाला पाणी कसं गुमान असतं, पण दोन बेटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात शिरलात की थेट अटलांटिकची लाट अंगावर येते. सेंट व्हिन्सेंट ते बेक्विया जेमतेम 9 सागरी मैल. तेवढ्यात आमच्यातल्या निम्म्यांचा नाश्ता समुद्रार्पण झाला. उरलेले शिडाच्या दोऱ्यांशी झुंजत होते. भांडायला रिकामं होतं कोण?

भांडण होतं नांगर टाकताना. बेक्वियाच्या अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये शेजारीपाजारी कितीतरी बोटी उभ्या असतात आणि नवी बोट आली की सगळे हातात पेला घेऊन तमाशा बघायला बसतात. नांगर बोटीच्या नाकाशी, सुकाणू मागे, मध्ये चाळीस फूट आणि कानात वारा. पुढचा ओरडतो "सोड", मागच्याला ऐकू येतं "ओढ". साखळी किती सोडायची यावरूनही जुंपते : पाणी पाच मीटर खोल असेल तर निदान पंचवीस मीटर साखळी हवी, पण मागची बोट जवळ दिसली की सगळ्यांनाच कंजुषी सुचते. आमचा तांडेल (परवाना आणि अनुभव त्याचाच, म्हणून हे पद) एरवी गरीब गाय, पण तिथे त्याने आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना "तुला अक्कल आहे का" असं सगळ्या खाडीला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारलं. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी हाताच्या खुणा ठरल्या : हाताचं बोट दाखवलं तिकडे वळ, मूठ वळली की थांब. नांगर पडल्यावर एकाने पोहायचा चष्मा लावून पाण्यात उतरायचं आणि तो वाळूत नीट रुतलाय का ते बघून यायचं. हे काम डॉक्टरीणबाईंनी स्वतःकडे घेतलं, आणि त्या वर येऊन "हो" म्हणेपर्यंत तांडेल श्वास रोखून उभा.

दुसरं कारण गोडं पाणी. चाळीस फुटी बोटीच्या टाक्यांत साडेतीनशे-चारशे लिटर मावतं, त्यात सगळ्यांचं सगळं. टोबॅगो केज या बेटांपाशी, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या प्रवाळाच्या रांगेआड, नळ नाही की दुकान नाही. चार-पाच निर्मनुष्य बेटुकली आणि बोटीखालून जाणारी कासवं. तिथे केस धुणारी व्यक्ती गुन्हेगार ठरते. (मीच नव्हे, आणखीही होते.) भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. घरून नेलेल्या कुकरमध्ये भाताला थोडं खारं पाणी घातलं की मीठ वेगळं लागत नाही.

तिथेच होड्यांतून येणारे स्थानिक लोक किनाऱ्यावर लॉब्स्टर भाजून देतात. भाव ठरला "डॉलर"मध्ये. कुठला डॉलर? तिथला पूर्व कॅरिबियन डॉलर अमेरिकी डॉलरला 2.70 या दराने 1976 पासून बांधलेला आहे, तेव्हा फरक पावणेतीन पटीचा. पैशांचा हिशेब ठेवणाऱ्याचा घास घशात अडकला. चव मात्र अशी की, दुप्पट मागितले असते तरी दिले असते. तो अजून मान्य करत नाही.

युनियन बेटावर एका देशातून (सेंट व्हिन्सेंट) बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा आणि पुढच्या कॅरियाकू बेटावर दुसऱ्या देशात (ग्रेनेडा) शिरल्याचा. तोवर पिवळं निशाण (अजून प्रवेश मिळायचाय, याची खूण) लावून बाकीच्यांनी बोटीवरच बसायचं, सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन एकटा तांडेल किनाऱ्यावर. तो गेला की त्याची मनसोक्त निंदा करता येते. या सोयीबद्दल दोन्ही सरकारांचे आभार.

आम्ही गेलो ते बेरिलच्या आधी. 1 जुलै 2024 रोजी त्या चक्रीवादळाने कॅरियाकू आणि युनियन बेटांची दैना केली. युनियनवरची बहुतेक घरं मोडली. त्यामुळे आता जाणाऱ्यांना मी सांगते, धक्क्यांची आणि दुकानांची ताजी खबर काढा, आणि भाजी, पाव, मासे तिथल्या माणसांकडूनच घ्या. घासाघीस करू नका. डॉलर कुठला ते तेवढं आधी विचारा.

पुन्हा त्याच मंडळींबरोबर जाल का, हाही प्रश्न असतोच. जाणार. फक्त या वेळी कॅटमरान (दोन सांगाडे जोडलेली बोट) घ्यायची की पहिल्यासारखी एकाच सांगाड्याची बोट, यावर ग्रुपवर वाद पेटलाय. कॅटमरान डुलते कमी, जागाही ऐसपैस. पण भाड्याचा आकडा बघून हिशेबनीस ग्रुप सोडून गेला. तांडेलाने त्याला परत घेतलंय.