मास्किंग फ्लुइड पहिल्या वॉशनंतर लावण्याचे प्रयोग

मागून प्रकाश पडलेले गवत आणि त्यामागची गर्द झाडी, या विषयावरच्या माझ्या जलरंगचित्रांत मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग रंगापासून झाकणारे आणि वाळल्यावर सोलून काढता येणारे द्रव) मी आता कोऱ्या कागदावर लावत नाही. आधी पिवळ्या रंगाचा फिकट वॉश, म्हणजे पाणी मिसळलेल्या रंगाचा पातळ थर, देऊन तो पूर्ण वाळू देतो, त्यावर सर्वांत उजळ पाती मास्क करतो, मग मधल्या हिरव्या छटेचा वॉश देतो आणि तो वाळल्यावर आणखी काही पाती झाकून शेवटी गडद रंग चढवतो. सर्व मास्क एकदम काढल्यावर पुढची पाती पिवळसर आणि मागची हिरवट दिसतात, त्यामुळे गवताला खोली येते. कोऱ्या कागदावर मास्क केलेली शुभ्र पाती मला कायम चित्रावर चिकटवल्यासारखी वाटत आली आहेत.

या पद्धतीत एक गोष्ट हिशेबात धरावी लागते, ती म्हणजे मास्क निघताना खालच्या वॉशमधला थोडा रंगही सोबत घेऊन जातो. अल्ट्रामरीन निळ्यासारखे सहज उचलले जाणारे रंग बरेच फिके पडतात, तर थॅलो गटातले रंग (थॅलो निळा, थॅलो हिरवा) कागदात मुरत असल्यामुळे जवळपास तसेच राहतात. म्हणून पहिला वॉश हवा त्याहून किंचित गडद ठेवणे सोयीचे ठरते. शिवाय पिवळ्या वॉशवर पिवळसर छटेचे फ्लुइड जवळजवळ दिसतच नाही. तेथे पेबेओच्या ड्रॉइंग गमसारखे निळसर करडे फ्लुइड उपयोगी पडते.

हे द्रव म्हणजे मुळात पाण्यातले रबराचे लॅटेक्स असून ते पातळ राहावे म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो. बाटली जोरात हलवली की बुडबुडे होतात, ते फुटलेल्या जागी वाळलेल्या थराला बारीक छिद्रे राहतात आणि नेमका तेथूनच गडद रंग आत झिरपतो. त्यामुळे लागेल तेवढेच द्रव छोट्या झाकणात काढून बाटली लगेच बंद करावी. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे, त्यांनी लॅटेक्सविरहित फ्लुइड शोधावे.

कुंचल्याने मास्क करायचे असल्यास तो जुना, कृत्रिम केसांचा आणि आधी साबणात बुडवलेला असावा. पात्यांसाठी मात्र मला रुलिंग पेन (शाई भरून रेषा आखायचे दोन पात्यांचे पेन) सर्वांत आवडते, कारण स्क्रू फिरवून रेषेची जाडी ठरवता येते. टाकाच्या निबने पात्याचे निमुळते टोक अधिक सुंदर येते, पण खरखरीत कागदावर निब तंतूंत अडकते.

मास्क वाळवण्यासाठी हेअर ड्रायर वापरू नये. उष्णतेने रबर कागदाला घट्ट धरते आणि काढताना पृष्ठभाग सोलवटतो. शेवटचा वॉश पूर्ण वाळल्यावर, शक्यतो त्याच दिवशी मास्क काढावा. त्याआधी थरावर साचून वाळलेले रंगाचे थेंब ओलसर टिश्यूने टिपून घ्यावेत, नाहीतर मास्क काढण्याच्या क्रेप रबराने (खरखरीत रबराच्या तुकड्याने) घासताना तोच रंग उजळ भागावर फासला जातो.

खरे काम याच्यानंतर सुरू होते, असे माझे मत आहे. मास्कच्या कडा सगळीकडे सारख्याच धारदार येतात, गवत मात्र बुंध्याशी सावलीत विरघळलेले असते. म्हणून प्रत्येक पात्याचा खालचा भाग ओलसर, ताठ केसांच्या कुंचल्याने हलके घासून टिपतो आणि त्यावर सावलीची पातळ छटा देतो. टोकाची धार तेवढी राखतो. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा) सुती कागद हे घासणे सोसतो. कमी सायझिंगच्या (पाणी लगेच शोषू न देणारा लेप कमी असलेल्या) कागदाचे तंतू मात्र लगेच वर येतात, त्यामुळे नवा कागद घेतला की त्याच्या एका पट्टीवर मास्क लावणे, काढणे आणि कड घासणे हे तिन्ही आधी करून पाहतो.

गवताच्या तुऱ्यांसाठी सध्या जुन्या टूथब्रशने फ्लुइडचे शिंतोडे उडवून पाहत आहे. ठिपके नैसर्गिक वाटतात, पण त्यांची दाटी अजून हाती आलेली नाही. तुरे सोडून उरलेला कागद झाकून घेतल्यावर निदान आकाशाच्या भागात ठिपके पडणे थांबले आहे.