आईच्या लाइटबिलावरचे दोन शब्द: आकलित खपत

आई इंदूरला रामबागेत एकटी राहते. दोन पंखे, फ्रिज, टीव्ही, सकाळी अर्धा तास मोटर. तिचं लाइटबिल वर्षानुवर्षं साडेचारशेच्या आसपास, कारण वापर दीडशे युनिटच्या आत असला की मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती या सबसिडी योजनेत पहिले 100 युनिट 100 रुपयांत पडतात. मे महिन्यात बिल आलं 1,430. जूनला परत 1,430. आणि तिने दोन्ही भरून टाकले, मला न सांगता, पेन्शनमधून. का तर म्हणे लाइन काटतील. जुलैचं तिसरं बिल आलं तेव्हा फोनवर सहज बोलता बोलता निघालं, आणि खरं सांगते मला रात्रभर झोप नाही लागली.

दुसऱ्या दिवशी जाऊन तिन्ही बिलं समोर मांडली. मागचं वाचन 8412, चालू वाचन पण 8412, आणि खाली आकलित खपत 182 युनिट. म्हणजे मीटर कोणी बघितलंच नव्हतं, अंदाजाने आकडा टाकला होता. मे मध्ये आई भावाकडे उज्जैनला होती, कुलूप होतं, एक वेळ समजू शकते, पण जून-जुलैत तर ती घरीच होती ना! आणि हा अंदाज 150 च्या वर गेला की नुसते जास्तीचे 32 युनिट नाही लागत, सबसिडी पूर्ण जाते, वरचा स्लॅब लागतो, फिक्स चार्ज पण वाढतो, म्हणून बिल एकदम तिप्पट दिसतं. हे लोकांना कळतच नाही, त्यांना वाटतं गर्मी होती, पंखे जास्त चालले असतील. आईलाही तेच वाटलं होतं. ती दुपारी पंखा बंद करून बसायला लागली होती, जून महिन्यात, इंदूरच्या उन्हात.

जिन्याखाली जाऊन मीटरचा फोटो काढला, 8790. म्हणजे तीन महिन्यांत 378 युनिट, महिन्याला 126. बिलं लावली 546 युनिटची.

झोनवर, म्हणजे वीज कंपनीच्या आमच्या भागातल्या ऑफिसात, गेलो तर खिडकीवरचे भैया म्हणाले, "मॅडम, पहले भर दो, अगले बिल में एडजस्ट हो जाएगा." आई लगेच पर्स उघडायला लागली, मी तिचा हात धरला. कारण आदल्या रात्री मी नियम वाचून गेले होते. 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांत लिहिलंय की एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजी बिलं देता येत नाहीत, त्यापुढेही तेच चाललं तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे द्यायला नकार देऊ शकतो. आणि आईला ज्याची भीती त्याचं उत्तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 मध्ये आहे: लाइन कापायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी, यातलं जे कमी ते विरोध नोंदवून भरलं तर वाद मिटेपर्यंत लाइन कापता येत नाही. हे प्रत्येक घरात माहीत असायला पाहिजे हो, खास करून जिथे म्हातारी माणसं एकटी राहतात तिथे.

आईचा हिशोब केला, जानेवारी ते एप्रिल मिळून 1,800, मे-जूनचे 2,860, सरासरी 777. तेवढे भरले, अर्जावर 'विरोध दर्ज करते हुए' असं लिहिलं, मीटरचा फोटो जोडला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. शिक्क्याशिवाय हलू नका, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. 1912 या वीज हेल्पलाइनवर तक्रार करून तिचा नंबरही त्याच प्रतीवर लिहून ठेवला. तिथे काम झालं नसतं तर पुढे ग्राहक तक्रार निवारण फोरम आहे, तयारी ठेवली होती.

आमच्या गल्लीत अजून स्मार्ट मीटर नाही. ज्यांच्याकडे आहे आणि आकडा पटत नाही त्यांनी चेक मीटर, म्हणजे पडताळणीसाठी जोडीला दुसरं मीटर, मागा, 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे तक्रारीनंतर पाच दिवसांत लावायचं असतं आणि किमान तीन महिने दोन्ही आकडे ताडून बघायचे असतात.

नवव्या दिवशी माणूस आला, रीडिंग घेऊन गेला. झोनचे जेई (ज्युनियर इंजिनिअर) साहेब नीट बोलले, बिलं 126 युनिटप्रमाणे परत बनवून दिली, सबसिडी लागली, दोन हजारांच्या वर रक्कम आईच्या खात्यात जमा दिसतेय. बाबा होते तेव्हा दर एक तारखेला कालनिर्णयवर मीटरचा आकडा लिहायचे, ते गेल्यावर बंद झालं होतं. आता आईने परत सुरू केलंय, वाकून बघवत नाही म्हणून खालच्या भाडेकरूंच्या मुलीकडून वाचून घेते.

फक्त जुलैचा 18 रुपये सरचार्ज अजून बिलात तसाच आहे. सोमवारी परत झोनवर जाणार आहे, आईपण येते म्हणाली.