आठ वॉफल्स आणि एक यंत्र

पाककृती छापण्यापूर्वी ती जशी लिहिली आहे तशी करून पाहणे आणि ती घरच्या स्वयंपाकघरात जमेल अशी खात्री पटली की तिच्यावर सही करणे, हे माझे काम आहे. हे काम म्हणजे दिवसभर चाखणे असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात माझा बहुतेक दिवस वजनकाटा, तापमापक आणि वही यांच्यात जातो, आणि एखादा पदार्थ पाचव्यांदा करण्याची वेळ येते तेव्हा तो खाण्याची इच्छा तिसऱ्या खेपेलाच संपलेली असते. माझ्या सहीनंतर कृती संपादनाकडे आणि छायाचित्राकडे जाते, आणि तिथून पुढे तिचे काय होते हे पाहण्याची पद्धत आमच्याकडे नाही. ती असायला हवी होती, हे मला गेल्या रविवारी कळले.

ब्रंचसाठी हिरव्या चहाच्या कुरकुरीत वॉफल्सची एक कृती मी तपासून दिली होती. ती प्रसिद्ध झाल्यावर तक्रारी येऊ लागल्या, आणि त्या दोनच प्रकारच्या होत्या: वॉफल्स ताटात येईपर्यंत मऊ पडतात, आणि ती हिरवी न राहता शेवाळी तपकिरी होतात. वॉफलचे यंत्र नीट तापू द्यावे आणि माचा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक भुकटी, ताजी वापरावी, असे ठरावीक उत्तर मी प्रत्येकाला पाठवत राहिले. एका बाईंनी मात्र तिसऱ्यांदा लिहिले, आणि या वेळी प्रत्येक जिन्नसाचे वजन, प्रत्येक वॉफलला लागलेली मिनिटे आणि यंत्राच्या पत्र्याचे तापमानही सोबत दिले. इतक्या काळजीने केलेल्या कामाला ठरावीक उत्तर देणे मला लाजिरवाणे वाटले. येत्या ब्रंचच्या दिवशी मी नुसती बाजूला उभी राहून पाहिले तर चालेल का, असे मी विचारले आणि त्या लगेच हो म्हणाल्या.

मी पोहोचले तेव्हा ओट्यावर सगळे मोजून मांडलेले होते: मैदा १८० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ६० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, माचा १२ ग्रॅम, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दोन अंडी आणि ९० मिलिलिटर तेल. या कृतीतल्या कॉर्नफ्लोअरचा मला अभिमान आहे. मैद्यातील प्रथिनांमुळे पीठ चिवट होते आणि चिवट पिठाचे कवच कुरकुरीत होण्याऐवजी चामट होते. चौथा हिस्सा मैदा काढून त्या जागी निव्वळ स्टार्च घातला की कवच पातळ आणि ठिसूळ होते. लोण्याऐवजी तेल घेण्यामागेही असाच विचार होता, कारण लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी असते आणि आपली सगळी धडपड पाणी बाहेर काढण्याची असते. त्यांनी माचा बारीक चाळणीतून दोनदा चाळली आणि आधी थोड्या तेलात खलून तिची गुळगुळीत पेस्ट केली. ही भुकटी इतकी सूक्ष्म असते की ती थेट दुधात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि कितीही फेटले तरी त्या फुटत नाहीत. आमच्याकडे नव्याने येणारी मुले ही पायरी हटकून गाळतात. त्यांनी ती गाळली नव्हती.

मग त्यांनी फ्रिजमधून ताक काढले. कृतीत दूध असताना ताक कशासाठी, असे मी विचारले तेव्हा त्यांनी छापील पान माझ्यापुढे धरले. जिन्नसांच्या यादीखाली एक ओळ होती: आवडत असल्यास दुधाऐवजी ताक घ्यावे, वॉफल्स अधिक हलकी होतात. ती ओळ माझी नव्हती. संपादनात कोणीतरी चांगल्या हेतूने ती घातली होती, आणि साध्या वॉफलच्या बाबतीत ती चूकही ठरली नसती. परंतु हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते, आणि आम्ल व उष्णता एकत्र आली की ते मॅग्नेशियम निघून त्याची जागा हायड्रोजन घेतो. मग हिरवा रंग जाऊन शेवाळी तपकिरी छटा उरते. माचासाठीची चहाची झुडपे तोडणीच्या आधी सुमारे तीन आठवडे सावलीत झाकून ठेवतात, त्यामुळे पानांत हरितद्रव्य वाढते. नंतर ती पाने दगडी जात्यावर दळतात, आणि अशा एका जात्यातून तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम भुकटी निघते. एवढ्या कष्टांनी जपलेला रंग न तपासलेल्या एका ओळीने घालवावा, याचा मला त्या क्षणी फार राग आला. सोडा वाढवून रंग टिकवता येतो, असेही काही जण सांगतात. तो टिकतो, पण जिभेवर साबणाची चव येते आणि कवच आत शिजण्याआधीच करपते, म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही. त्यांना मी एवढेच म्हटले की आज दूध घ्या, ताकाची जबाबदारी आमची आहे.

पहिल्या वॉफलला साडेचार मिनिटे लागली. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला आणि त्यांनी झाकण उघडले. इथे मला माझी स्वतःची चूक दिसली. दिवा पत्रा पुन्हा तापल्याचे सांगतो. वॉफल झाल्याचे तो सांगत नाही. झाले की नाही हे वाफ सांगते. पीठ ओतल्यावर कडेने वाफेचे जोरदार लोट येतात, मग ते विरळ होतात, आणि शेवटी एखादाच धागा उरतो. तोपर्यंत थांबायचे असते. आमच्या चाचणीत मी १०० ग्रॅम पीठ ओतून वजन केले होते: दिव्याच्या वेळी काढलेले वॉफल ८३ ग्रॅम भरले आणि वाफ ओसरल्यावर काढलेले ७५. हे आठ ग्रॅम पाणी म्हणजेच कुरकुरीतपणा. हे मला माहीत होते, माझ्या वहीत तारखेसह लिहिलेले होते, आणि तरीही कृतीत मी फक्त 'चार ते पाच मिनिटे, झाल्यावर काढावे' एवढेच लिहिले होते.

पुढचे दोन वॉफल्स होईपर्यंत मी गप्प राहिले, कारण मला घडते ते पाहायचे होते. त्यांनी पहिले वॉफल ताटलीत ठेवले, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे, आणि थंड होऊ नयेत म्हणून वर झाकण ठेवले. थर का लावता, असे विचारल्यावर त्यांनी पुन्हा तेच पान दाखवले. छायाचित्रात चार वॉफल्स एकावर एक रचलेली होती. त्या छायाचित्राच्या वेळी मी हजर होते. ती वॉफल्स दोन तासांपूर्वीची आणि पूर्ण गार होती, थर खचू नये म्हणून मधोमध पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या होत्या, आणि रंग उठून दिसावा म्हणून वरून कोरडी माचा भुरभुरवली होती. छायाचित्रकार आपल्या कामात निष्णात आहेत. पण वाचक छायाचित्राला सूचना समजून वाचतो, ही गोष्ट आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही. यंत्रातून निघालेल्या वॉफलचे कवच कोरडे असले तरी आतला भाग ओला आणि गरम असतो. ती वाफ बाहेर पडायला जागा शोधते, आणि वर दुसरे वॉफल व झाकण असेल तर ती कवचातच मुरते. मी सर्वांत खालचे वॉफल काट्यावर आडवे उचलले तर ते दोन्ही बाजूंनी खाली लोंबले.

चौथे वॉफल आम्ही वाफ ओसरेपर्यंत, म्हणजे सहा मिनिटे ठेवले आणि तारेच्या जाळीवर काढले. अर्ध्या मिनिटाने मी त्यावर नखाने टकटक केली तेव्हा कोरडा, पोकळ आवाज आला. त्यांच्या मुलीने एक कोपरा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "आई, हे वेगळंच काहीतरी झालंय." तोडलेल्या जागी आतला गर कोवळ्या पानासारखा हिरवा होता. कवचावर सोनेरी झाक आली होती. ती यायचीच, कारण साखर आणि प्रथिने एवढ्या उष्णतेत तपकिरी होतातच आणि त्याशिवाय कवच कवच होत नाही. छायाचित्रासारखा बाहेरूनही गर्द हिरवा रंग कुरकुरीत वॉफलला येत नाही, हे आम्ही वाचकांना आधीच सांगायला हवे होते.

पाहुणे मात्र सात होते आणि यंत्र एकच. सहा मिनिटांचे एक वॉफल, शिवाय पत्रा पुन्हा तापायला लागणारा एखादा मिनिट, असे धरले तर आठव्या वॉफलपर्यंत जवळजवळ एक तास जातो. आमच्या चाचणीगृहात चार यंत्रे एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक वॉफल निघाल्या निघाल्या चाखले जाते. पाच वेळा करून पाहिलेल्या त्या कृतीत मी एकदाही आठ माणसांना एकत्र वाढून पाहिले नव्हते. शीर्षकात ब्रंच हा शब्द होता आणि तपासले होते ते फक्त वॉफल. आम्ही ओव्हन १०० अंशांवर लावला, तयार वॉफल्स थेट त्याच्या जाळीवर एकाशेजारी एक मांडली आणि आत दमटपणा साचू नये म्हणून दार बोटभर उघडे ठेवले. पहिली तीन मऊ पडलेलीही त्यात पुष्कळशी सावरली.

मी आवरून निघाले तेव्हा बाकीच्यांचे खाऊन होत आले होते आणि बाई शेवटचे वॉफल ओट्याजवळ उभ्या उभ्या खात होत्या. त्यांनी माझे आभार मानले, आणि मग पान पुन्हा हातात घेऊन अगदी साधेपणाने विचारले, "ताई, सगळं लिहिलंय यात. पण करणाऱ्यानं कधी बसायचं, ते कुठे आहे?"

सोमवारी मी नवा मसुदा दिला. त्यात ताकाची ओळ नाही; दिव्याऐवजी वाफेकडे पाहण्याची सूचना आहे, जाळी आहे आणि ओव्हन आहे. कृती लांबली म्हणून ओव्हनची ओळ काढावी असे संपादनाचे म्हणणे पडले, आणि मी ते मान्य केलेले नाही. छायाचित्र बदलण्याविषयीही बोलले, त्याचे उत्तर अजून आलेले नाही. बाईंच्या प्रश्नावर मात्र मसुद्यात काहीच नव्हते. ओव्हनमध्ये वॉफल पाऊण तास चांगले राहते, पण तासाभरानंतर आतून सुकून बिस्किटासारखे होऊ लागते. तेव्हा पाहुण्यांच्या बऱ्याच आधी करून ठेवण्याचा तो मार्ग नव्हे. म्हणून काल मी आठ वॉफल्स केली, जाळीवर पूर्ण गार केली आणि एकमेकांना चिकटणार नाहीत अशी फ्रीझरमध्ये ठेवली. उद्या सकाळी ती न वितळवता १८० अंशांवर सगळी एकदम तापवायची आहेत. सहाव्या मिनिटाला पहिले काढून तोलेन आणि आठव्याला दुसरे, आणि मग आठ जणांना एकदम वाढून त्यांच्यासोबत बसेन. नोंदीसाठी वहीत एक नवा रकाना आखला आहे, करणारी व्यक्ती किती वाजता बसली याचा.