तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्या मोठ्या आभाळात धडक होते कशी?

मी ग्लायडर उडवते हे कळलं की बेळगावात, विशेषतः यळ्ळूरच्या आमच्या नातेवाइकांत, पहिला प्रश्न इंजिन नसण्याबद्दल येतो आणि दुसरा ठरलेला असतो : "एवढं आभाळ मोकळं पडलेलं असताना दोन ग्लायडर एकमेकांना धडकतातच कशी?" गेल्या सुगीत मामांनी तो खळ्यावर बसून विचारला. तेव्हा मी घाईने काहीतरी सांगून मोकळी झाले, म्हणून आता नीट लिहिते.

आभाळ मोठं आहे हे खरं, पण ग्लायडरच्या उपयोगाचं आभाळ फार थोडं असतं. बिनइंजिनाचं विमान स्थिर हवेत सतत खाली येत राहतं. त्याला वर चढायचं तर उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा, म्हणजे थर्मल, शोधून तिच्यात घिरट्या घालाव्या लागतात. पाणी धरलेल्या भातशेतीवर किंवा हिरव्या उसावर ती सहसा क्षीण असते; नांगरून ठेवलेल्या कोरड्या रानावर आणि उघड्या खडकाळ माळावर मात्र जोरात उठते. राजहंसगडाखाली भर दुपारी उभं राहिलं, तर एक घार पंख न हलवता चढू लागताच बाकीच्या घारी तिथेच येताना दिसतात. आम्हीही तेच करतो. सगळं आभाळ रिकामं सोडून चार-पाच ग्लायडर एकाच थर्मलमध्ये जमतात, आणि धोका तिथेच असतो.

मामांना समजेल असं उदाहरण खळ्यावरचंच आहे. मळणीला तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, बैल फिरायचे ते सगळे एकाच दिशेने. थर्मलमध्येही जो आधी आला त्याने ज्या बाजूला घेर धरला असेल, त्याच बाजूला नंतरच्या प्रत्येकाने फिरायचं असतं. आत शिरताना मध्ये न घुसता बाहेरच्या कडेने, आधीच्या पायलटला आपण दिसत राहू अशा बेताने शिरायचं. कोणाच्याही पोटाखाली किंवा डोक्यावर रेंगाळायचं नाही, कारण तिथलं त्याला दिसत नाही. डोंगराच्या उतारावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यात उडताना आणखी एक नियम लागतो. एरवी समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळायचं असतं. पण ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वळायला जागाच नसते, म्हणून डोंगर डाव्या हाताला असलेल्याने बाजूला व्हायचं.

नियम पाठ होतात. दुसरं ग्लायडर वेळेवर दिसणं हेच कठीण आहे, आणि हे मला एका दुपारी कळलं. एकटीने उडायला लागून थोडेच महिने झाले होते. डाव्या बाजूला कॅनॉपीवर, म्हणजे पायलटवरच्या पारदर्शक झाकणावर, एक बारीक डाग दिसत होता. चिलट चिरडलं असेल असं वाटून मी दुर्लक्ष केलं. काही क्षणांनी मान सहज हलली, आणि डाग काचेवरचा असता तर क्षितिजावरून सरकायला हवा होता; तो सरकला नाही, दूरच्या झाडांच्या ओळीवर तिथल्या तिथे राहिला. तेव्हा मी वळले. वळता वळता त्या डागाला पंख फुटले आणि एक पांढरं ग्लायडर बाजूने निघून गेलं. मी त्याच्या उजवीकडे असल्यामुळे नियमाने वाट माझी होती, पण त्या पायलटने मला पाहिलं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही. चूक माझी होती, कारण उडण्यापूर्वी कॅनॉपी मी नीट पुसली नव्हती. पुसली असती तर त्या डागाला डाग समजले नसते.

ज्याच्याशी आपली धडक होणार असते, ते काचेतून एकाच जागी थांबलेलं दिसतं. सरकणाऱ्या वस्तूकडे डोळा आपोआप जातो. स्थिर ठिपका तो सोडून देतो. शिवाय अंतर निम्मं झालं की ठिपका दुप्पट होतो, त्यामुळे बराच वेळ तो ठिपकाच राहतो आणि अगदी शेवटी एकदम फुगतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने दोन ग्लायडर समोरासमोर आली, तर मधला एक किलोमीटर १८ सेकंदांत संपतो. पाहणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं यांना मिळून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १२.५ सेकंद धरले आहेत. म्हणजे समोरचं ग्लायडर सुमारे ७०० मीटरवरच दिसायला हवं, आणि समोरून पाहिल्यास त्याची जाडी माणसाच्या खांद्यांपेक्षा फारशी जास्त नसते.

म्हणून नजर आभाळभर भिरभिरवत नाहीत. डोळा फिरत असताना त्याला फारसं दिसत नाही. थोड्या भागावर थांबायचं, पाहायचं, मग पुढच्या भागाकडे जायचं. रिकाम्या आभाळात डोळा जवळच कुठेतरी स्थिरावतो, तेव्हा अधूनमधून दूरच्या डोंगराच्या कडेवर नजर टेकवावी लागते.

"यंत्र नाही का?" असंही विचारतात. आहे. स्वित्झर्लंडमधलं फ्लार्म २००४ पासून वापरात आहे. ते आपली जागा आणि पुढच्या काही सेकंदांचा अंदाजे मार्ग रेडिओवरून कळवतं, इतरांचा ऐकतं आणि धडकेची शक्यता दिसली की इशारा देतं. मला त्याचं फार मोल वाटतं. मात्र ज्याच्याकडे जुळणारं यंत्र नाही, तो त्याला दिसत नाही, आणि घार तर नाहीच नाही.

थर्मलमध्ये सोबतचं ग्लायडर दिसेनासं झालं, तर ते कुठे असेल याचा अंदाज बांधत मी तिथे थांबत नाही. घेर सोडते आणि बाहेर पडते, मग हवा कितीही चांगली चढती असो. त्या दिवशी उंची कमी मिळते आणि लवकर उतरावं लागतं.