उभी पेटी, आडवी पेटी

नेरूळच्या आमच्या घरात मासे पाळायचे ठरले तेव्हा मी प्रथम काचपेटीच्या रूपाकडे पाहिले आणि तिथेच चुकलो. ठाण्याच्या एका दुकानातून दुपारच्या रिकाम्या ट्रान्सहार्बर लोकलने मांडीवर घेऊन आणलेली ती पेटी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच होती. सोफा आणि खिडकी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ती इतकी नेमकी बसली की आलेला प्रत्येक पाहुणा तिचे कौतुक करी. तिच्यातल्या आठ मॉली मात्र रोज सकाळी पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडांची उघडझाप करताना दिसत. मे महिन्यातल्या एका रात्री तीन तास वीज गेली, एअर पंप बंद पडला आणि पहाटे त्यांतल्या तीन तरंगत होत्या.

दोष माशांचा नव्हता, पंपाचाही फारसा नव्हता. पाण्यात प्राणवायू शिरतो तो हवेला टेकलेल्या पृष्ठभागातून, आणि पंपाचे बुडबुडेही मुख्यतः हा पृष्ठभाग ढवळण्याचेच काम करतात. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे माझ्या पेटीत ५६ लिटर पाणी होते. पण त्याचा उघडा पृष्ठभाग जेमतेम एक चौरस फूट होता. हीच पेटी आडवी घडवली असती तर तेवढ्याच पाण्याला दुप्पट पृष्ठभाग मिळाला असता आणि माशांना पोहायला दुप्पट लांबीही मिळाली असती, कारण बहुतेक मासे आडवे पोहतात, लिफ्टसारखे वरखाली करत नाहीत. त्यातच पाणी जितके कोमट तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मे महिन्यात आमच्या बैठकीच्या खोलीत ३२-३३ अंश तापमान ही नित्याची गोष्ट आहे.

दुसऱ्या वेळी मी आधी भिंत मोजली, मग दुकानात गेलो. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असे माप ठरवले. दीड फुटाहून अधिक उंची नको, कारण खडे सारखे करायला किंवा शेवाळ खरवडायला हात तळापर्यंत पोहोचला पाहिजे. त्याहून कमीही नको, कारण मला एंजलफिश ठेवायचे होते आणि तो मासा लांबीपेक्षा उंचीने वाढतो. या पेटीत काठोकाठ १५९ लिटर पाणी मावते. नवख्या माणसाला लहान पेटी सोपी वाटते, पण अनुभव उलटा येतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खड्यांवर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर झालेली चूक मोठ्या पाण्यात विरून जाते, लहान पाण्यात जिवावर बेतते. तापमानही मोठ्या पाण्यात सावकाश चढते-उतरते.

गोल बरणीविषयी लिहिण्यासारखे फार नाही. तिच्यात हमखास ठेवला जाणारा गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा आहे आणि तो घाणही पुष्कळ करतो. पुढची काच वळवलेल्या पेट्या देखण्या असतात, पण कडेला गेलेला मासा त्यांत वेडावाकडा दिसतो.

काचेच्या जाडीत मात्र मी काटकसर केली नाही. दुकानदार ६ मिलिमीटरची काच स्वस्तात द्यायला तयार होता, मी ८ मिलिमीटरची घेतली. पाणी, काच, खडे आणि स्टँड मिळून भार २०० किलोंच्या आसपास जातो, म्हणून पेटी खोलीच्या मध्यावर न ठेवता, खालून तुळई गेलेल्या भिंतीला लागून ठेवली, स्टँडची पातळी लेव्हलने तपासली आणि तळाच्या काचेखाली थर्माकोलचा पत्रा घातला. बारीकसा खडा किंवा उंचवटा राहिला तर तेवढ्या एका बिंदूवर ताण येऊन काच तडकू शकते.

जागेवरून घरात थोडा वाद झाला. आमच्या आत्याच्या मते पाणी ईशान्येलाच हवे. आमच्या ईशान्य कोपऱ्यात पूर्वेच्या खिडकीतून सकाळचे दोन तास थेट ऊन येते आणि अशा जागी पंधरवड्यात काच हिरवी होते, हे आत्याला उभ्या पेटीची काच दाखवून पटवावे लागले. एअर पंपाची फळीही या खेपेस पाण्याच्या पातळीच्या वर बसवली. पंप खाली असला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे वाहून त्यात शिरते. ते टाळायला एकमार्गी झडप मिळते, पण फळी उंच ठेवणे फुकटात होते.

निऑन टेट्रा या चिमुकल्या माशांचा मोह मी टाळला. त्यांना २५ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, आणि वाढलेला एंजलफिश त्यांना खाऊनही टाकतो. जुनी उभी पेटी भंगारात गेली नाही; नवे मासे आणले की एकावेळी दोन-तीनच, स्पंज फिल्टर लावून, तीन आठवडे तिच्यात वेगळे राहतात आणि अंगावर रोगाचे पांढरे ठिपके दिसले नाहीत तरच मोठ्या पेटीत जातात.