बाबांचा के१०००

परवा बाबांचा पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्म कॅमेरा माळ्यावरून काढला. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढला, खटका दाबला आणि तोच जुना खणखणीत 'टक्' ऐकू आला! बॅटरी कधीच संपली होती, पण ती फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला लागते. शटर शुद्ध यांत्रिक. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं हे मॉडेल बनत होतं, यातच सगळं आलं.

माझा डिजिटल मात्र सहा वर्षांत बंद पडला. सर्किट बोर्ड मिळत नाही, नवाच घ्या म्हणाले. फार वाईट वाटलं.

तरी जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. मागचं झाकण उघडलं तर उजेड आत शिरू नये म्हणून लावलेल्या फोमच्या पट्ट्या डांबरासारख्या बोटाला चिकटल्या. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कोल्हापूरचा पावसाळा काचेलाही सोडत नाही. रंकाळ्यावर भर पावसात फोटो काढायचे तर मी आजचा वॉटर-सील्ड कॅमेराच नेईन.

पण उघडून दुरुस्त करता येणं, हीच माझ्या लेखी मजबुती. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतः मूव्ही कॅमेरा घडवला होता. पट्ट्या मीच बदलतोय. एक बाजू झाली, बिजागरीची राहिलीय.